मोठ्या पंचाचा दगड

गोष्ट जुनी, तुम्हीआम्ही शहाणे व्हायच्या आधीची. म्हणजे अजून चालूच असेल म्हणा. ओढ्यापलीकडे जांभळं विकायला निघालेल्या खारीला माकडाने अडवलं. "खारूताई, निम्मी जांभळं जकात ठेव!"

खार कासवपंचाकडे गेली. कासव म्हणालं, "ही जकात बेकायदा आहे."

"मान्य! पण मी मोठ्या पंचाकडे दाद मागतो. निकाल लागेपर्यंत जकात चालू," माकड म्हणालं.

मोठ्या पंचाचा दगड रिकामाच होता. तिथे घुबडाला बसवायचं ठरलं, तर "त्याला दिवसा दिसत नाही" म्हणून माकडानेच हरकत घेतली होती. निकालाची वाट बघता बघता खारीची जांभळं सडली.

थंडीत माकड बोरं विकायला अलीकडे आलं. खारीने निम्मी मागितली. कासवाने तिलाही चूक ठरवलं.

"मान्य, माकडदादा," खार म्हणाली, "पण मीही दाद मागते."

बोरं मऊ पडू लागली, तसं माकड घुबडाकडे धावलं. "मामा, दिवसा नाही दिसलं तरी चालेल, पण आजच बसा!"