अधांतरी सर आणि चिमाक्काचा ताणा

भानुनाथ महाराज एका वर्षी चातुर्मासासाठी खडकाळे गावी राहिले होते. गाव उंच माळावर. पश्चिमेचे ढग घाटातच अडत आणि इथवर पोचेपर्यंत त्यांच्यातलं बरंचसं पाणी उतरलेलं असे. तांबडी माती, काळे दगड आणि बोरी-बाभळींची खुरटी झुडपं, बाकी काही नाही. आषाढ लागला की दुपारी ढगांचे मनोरे उभे राहत, विजा चमकत, ढगांच्या पोटातून पावसाच्या करड्या झालरी सुटत. पण माळावरची हवा इतकी तापलेली नि कोरडी, की त्या झालरी जमिनीला टेकण्याआधीच विरून जात. वर पाऊस पडतोय आणि पायाखाली धूळ उडतेय, असं ते दृश्य. गावात त्याला 'अधांतरी सर' म्हणत. महाराज बिरोबाच्या देवळाबाहेर उघड्या शिळेवर बसून तासन् तास ती सर पाहत असत.

गावात चिमाक्का नावाची एक सनगर म्हातारी होती. घोंगडी विणणं हा तिचा पिढीजात धंदा. पण स्वतःची मेंढरं नव्हती. झुडपांमधून कळप गेले की काट्यांना लोकरीचे झुबके अडकून राहतात. ते वेचत ती वर्षभर माळ फिरली. महाराज दगडावर बसतात, त्यांना एक घोंगडी द्यावी, एवढाच तिचा संकल्प. सूत कातून झालं. आता ताणा, म्हणजे घोंगडीचे उभे धागे, उघड्यावर ताणायचा, चिंचोक्याची खळ कुंच्यानं धाग्याधाग्याला चोळायची आणि उन्हात कडक वाळवायची. खळ ओली असताना ताणा गुंडाळता येत नाही, धागे एकमेकांना चिकटतात. पाऊस लागला तर लोकरीचा लगदा होतो. म्हणून दिवस नीट निवडावा लागतो. चिमाक्कानं महाराजांना विचारलं. महाराज म्हणाले, "गुरुवारी ताण."

हे विठोजी हाक्क्याला लागलं. तीनशे मेंढरांचा हा धनी आभाळ वाचण्यात पंचक्रोशीत नावाजलेला. ताणा असो की लग्न, दिवस त्याला विचारूनच ठरे. तो चारचौघांत चिमाक्काला म्हणाला, "काय आक्के, लोकर काट्याची आणि आभाळ साधूचं? आता घोंगडी तेवढी वाऱ्यानं विणून घे."

लोक हसले. चिमाक्काही हसली. म्हणाली, "वाऱ्याला हात असते तर त्यालाबी लावला असता कामाला, बाबा."

विठोजीनं मग तिथंच सांगून टाकलं, की यात साधूला विचारण्यासारखं काही नाही, अमावास्येपर्यंत एक थेंब खाली उतरायचा नाही. त्या माळावरची रीत अशी, की या दिवसांत मेंढरं थोडी थोडी करून कातरायची. आभाळ फिरलं तर निदान बाकीच्यांच्या अंगावर लोकर राहते. आपल्या शब्दाला जोर यावा म्हणून विठोजीनं माणसं लावून गुरुवार सकाळपर्यंत सगळीच्या सगळी तीनशे कातरून घेतली.

त्याच सकाळी देवळापुढच्या मोकळ्या जागेत चिमाक्कानं बावीस हात लांबीचा ताणा ताणला. काळे, पांढरे, तपकिरी धागे, जसे काट्यांनी दिले तसे. दुपारपर्यंत खळ लावून झाली. तेव्हा पश्चिमेला ढग उभा राहिला. आज त्याचा तळ निळसर काळा होता आणि वारा त्याच्याकडून गार येत होता. वीज चमकली. महाराज नाम घेत होते. गडगडाट पोचायला बारा नामं लागली. पुढच्या विजेला सात, मग तीन. झालर खाली खाली येत होती आणि या वेळी विरत नव्हती. दूरवरच्या टेकडीवर ती टेकलेली दिसली.

चिमाक्कानं ताण्याला बोट लावून पाहिलं. खळ अजून ओली. ती महाराजांपुढे येऊन नुसती उभी राहिली.

"माग, अक्का," महाराज म्हणाले. "काय सांगू आभाळाला?"

तिनं उताराकडे पाहिलं. खाली गावाचं तळं दिसत होतं, तळाशी भेगा पडलेलं. ती म्हणाली, "पडू नको असं कसं म्हणू, म्हाराज? तळं उघडं पडलंय. पडू द्या. मी काटे पुन्यांदा वेचीन."

महाराजांचे डोळे भरून आले. ते शिळेवरून उठले आणि ताण्याच्या टोकाशी मातीत बसले.

आणि पाऊस आला. माळावर, देवळाच्या कळसावर, तळ्यात, सगळीकडे. फक्त ताण्यावर तो आला नाही. थेंब खाली येत, पुरुषभर उंचीवर हळू होत, क्षणभर तरंगत आणि धुरासारखे विरत. त्या पडद्यातून उजेड झिरपत होता. बावीस हात धाग्यांवर मंद, मोत्यासारखा. भोवती गर्जना होत होती आणि आत मुंगीचं पाऊलही ऐकू आलं असतं.

इतक्यात पावसातून विठोजी आला. मागे त्याची मेंढरं, उघडी, गुलाबी कातडीची, थरथरणारी. नुकती कातरलेली मेंढरं गार पावसात फार वेळ तग धरत नाहीत; दोन वाटेतच पडली होती. कोरडी जागा पाहून तो कडेलाच थबकला. आत जेमतेम ताण्यापुरती जागा होती; मेंढरं घुसली असती तर ताणा तुडवला गेला असता.

चिमाक्का म्हणाली, "उभा काय राहिलास? आण की आत. लेकरं गारठली तुझी."

"आक्के, तुझा ताणा…"

"आण म्हणते ना!"

पहिली मेंढी आत आली, तशी पावसाची कड एक पाऊल मागे सरली. दुसरी आली, आणखी एक पाऊल. एकेक करत सगळी आली आणि जागा वाढत गेली. ताण्याच्या दोन्ही बाजूंना ती अंगाला अंग लावून बसली. एकाही धाग्यावर खूर पडला नाही. त्यांच्या अंगांच्या उबेनं खळ वाळू लागली.

दिवस मावळताना पाऊस थांबला. ताणा कडक वाळला होता आणि तळ्यात आभाळ दिसत होतं. विठोजी महाराजांसमोर हात जोडून म्हणाला, की त्यानं आभाळ उभ्या जन्मात असं पाहिलं नाही, महाराजांनी ते कसं धरलं?

महाराज म्हणाले, "मी नाही धरलं, विठोजी. हिनं सोडून दिलं."

विठोजी वळला. डोक्यावरचा ओला पटका काढून त्यानं बाजूला ठेवला आणि चिमाक्काच्या पायांशी आडवा झाला. त्याचे पाय चिखलात होते आणि कपाळ कोरड्या मातीवर.