मानाची टोपली

गावचं सांडपाणी तळ्यात पोचण्याआधी मुद्दाम लावलेल्या पाणकणीस नावाच्या उंच पाणगवताच्या रानातून जायचं. त्यातलं खत ते रान खायचं आणि तळ्यात निवळ पाणी उतरायचं. नगराध्यक्ष फत्तेसिंगरावांना हे रान गचाळ दिसलं. त्यांनी ते मुळासकट उपटून तिथं कारंजं बसवलं. वर्षभरात तळ्यावर हिरवी साय धरली आणि मासे उलटे तरंगू लागले.

हंगामाच्या पहिल्या जाळ्याचा मान मात्र नगराध्यक्षाचा, ही जुनी रीत. पाहुण्यांच्या पंगतीत फत्तेसिंगराव गरजले, "केवळाबाई, आमची मरळ कुठंय?"

केवळा भोईणीनं झाकलेली टोपली पुढं ठेवली. फडकं काढताच पंगतीनं नाकं दाबली. आत नुसतं शेवाळ होतं.

"ही थट्टा आहे?"

"थट्टा कशी करीन, साहेब? आधी खत रान खायचं. तुम्ही रान काढलंत, मग ते तळ्यानं खाल्लं आणि हे पीक आलं. पेरणी तुमची, म्हणून पहिला मानही तुमचाच."

पंगत खो खो हसली. फत्तेसिंगरावांना तोंड वर करवेना.

केवळाबाई तेवढी हसली नाही. मान देऊन झाला होता, आणि घरी न्यायला टोपलीत काहीच उरलं नव्हतं.