राजाच्या मुठीतली तलवार

एका राज्यात वज्रसेन नावाचा राजा होता. नदीपल्याडच्या शेजारच्या राज्याशी त्याचं युद्ध इतकं जुनं, की ते कशावरून पेटलं हे कुणालाच आठवेना. “आता पुरे करा,” म्हणून एका जादूगाराने हात जोडले, तर राजाने त्याच्यावरच तलवार उगारली. जादूगार म्हणाला, “राहू दे ती हातातच.” तेव्हापासून तलवार मुठीला चिकटली ती चिकटलीच.

राजा ती घेऊनच जेवी, ती घेऊनच निजे. महाराजांना अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून दरबाऱ्यांनीही आपापल्या तलवारी हाताला बांधून घेतल्या. मग फर्मान निघालं: तलवार खाली ठेवील तो वेडा. वेड्याला बुरुजात कोंडावं, शहाण्याला रणावर धाडावं. झालं, सगळं राज्य शहाणं झालं.

हैबती नावाचा शिपाई रजेवर घरी आला. बायको रेवूने तान्ही लेक पुढे केली. त्याने तलवार कोपऱ्यात ठेवली आणि लेकीला दोन्ही हातांत घेतलं. शेजाऱ्याने ते पाहिलं, आणि संध्याकाळच्या आत हैबती दरबारात उभा राहिला. मागोमाग लेकीला घेऊन रेवू आली. नवरा बुरुजातही जाऊ नये, रणावरही जाऊ नये, एवढंच बिचारीला हवं होतं.

शहाणपणाच्या तीन परीक्षा राजाची बोलकी साळुंकी घेई.

“नदीपल्याड कोण दिसतं?” साळुंकीने विचारलं.

“माणसं,” हैबती म्हणाला. दरबार हळहळला.

“युद्ध कशासाठी?”

“ठाऊक नाही.”

“ठाऊक आम्हालाही नाही,” प्रधान म्हणाला, “पण शहाणा माणूस तसं बोलत नाही.”

“तिसरी परीक्षा. तलवार उचल.”

उचलली तर रण, न उचलली तर बुरूज. हैबतीने लेकीकडे पाहिलं आणि त्याचे डोळे भरून आले.

रेवू पुढे झाली. “महाराज, बाळाला जरा धरता? मी यांना तलवार उचलून देते.”

बाळ पुढे केलं की हात आपसूक जातात. राजाचेही गेले, दोन्ही. तलवार खणकन खाली पडली आणि बाळ दचकून रडू लागलं.

“मान सांभाळा, महाराज,” हैबती म्हणाला.

राजाने सांभाळली. बाळाने त्याचं बोट मुठीत धरलं आणि ते झोपी गेलं. राजाला श्वास घ्यायचीही भीती वाटू लागली.

प्रधान धावत आला. “महाराज, सैन्याला काय हुकूम?”

“युद्ध थांबवा,” राजा कुजबुजला, “आणि हळू बोला.”

हुकूम तसाच कुजबुजत नदीपर्यंत गेला, नदीपल्याडही गेला. दरबारी हाताच्या गाठी सोडत बसले. राजाने बाळ परत दिलं, पण जरा उशिराच. मग तिघं आपल्या घरी सुखरूप पोचली, तसे सगळ्यांचे शिपाई पोचोत.