आधी टाळी, मग शिवी

“मी कुणाचं काय बिघडवलं होतं?”

त्रिशलानं विचारलं आणि मोबाइल पुढे सरकवला.

धृतिमती माताजींनी तो हातात घेतला नाही. “तूच वाच,” म्हणाल्या.

वारणेकाठच्या त्या गावातल्या जैन मंदिरात माताजींचा चातुर्मास चालू होता. मंदिराला लागून असलेली साधी खोली. अंगावर एक पांढरी साडी, बाजूला मोरपिसांची पिंछी आणि कमंडलू. एवढाच संसार. दीक्षा घेण्याआधी त्या मगदुमांच्या घरातल्या थोरल्या लेक होत्या, म्हणजे त्रिशलाच्या सख्ख्या आत्या.

त्रिशला लहान असतानाच आईवडिलांबरोबर मेलबर्नला गेली. तिथं फुटबॉल शिकली, तिथंच मोठी झाली. पुढे भारतानंही विचारलं होतं. तिकडचं नागरिकत्व सोड आणि आमच्याकडून खेळ, असा निरोप आला होता. तिनं ऑस्ट्रेलियाची जर्सी घातली.

मग एका स्पर्धेत दोन्ही संघ समोरासमोर आले. एकच गोल झाला. तो त्रिशलानं मारला.

गोल झाल्यावर ती धावली नाही, नाचली नाही. जागेवर उभी राहिली आणि हात जोडले.

त्या दिवसापासून मोबाइल थांबला नव्हता.

“वाच,” माताजी पुन्हा म्हणाल्या.

“गद्दार.”

“पुढे?”

“मगदूम आडनाव काढून टाक. आमच्या मातीला बट्टा लावलास.”

“पुढे?”

“समोर आलीस तर पाय तोडू.”

माताजींनी डोळे मिटले. उघडले.

“हे कोण?”

“नाव नाही. फोटोच्या जागी वाघाचं चित्र आहे.”

“वाघ असं लिहीत नाही… पुढे?”

“हे तिकडचे आहेत. इंग्रजीत. गोल मारून आनंद झाला नाही, तर चालती हो तुझ्या देशात.” त्रिशला हसायला गेली, पण हसू आलं नाही. “इकडचे म्हणतात तिकडची. तिकडचे म्हणतात इकडची. आत्या, मी…”

ती थांबली. दीक्षेनंतर आत्या म्हणायचं नसतं, हे तिला घरी बजावून सांगितलं होतं.

माताजींनी चूक काढली नाही.

“मी उत्तर लिहून ठेवलंय,” त्रिशला म्हणाली. “तुम्हाला भेटून मग टाकणार होते. सगळ्यांसाठी एकच. माझ्या वाढण्यात तुमचा कुणाचा हात नाही. मी तुमचं काही लागत नाही. आणि शेवटी, आजपासून मी कुठल्याच देशाकडून खेळणार नाही.”

“सगळ्यांसाठी एकच?”

“हो.”

“खेळणं सोडणार?”

“हो.”

बाहेर पागोळ्या गळत होत्या.

“पाय तोडू म्हणणाऱ्यांचं काय करायचं?” त्रिशलानं विचारलं. “त्यांना क्षमा करू?”

“आधी पोलिसांत तक्रार कर.”

त्रिशला बघत राहिली. साध्वीकडून हे उत्तर तिला अपेक्षित नव्हतं.

“क्षमा नंतर करता येते,” माताजी म्हणाल्या. “पाय आधी सांभाळ.”

मग त्या उठल्या. आहाराची वेळ झाली होती. पिंछी आणि कमंडलू उचलून त्यांनी उजव्या हाताची बोटं मिटून खांद्याला लावली. आता जेवण होईपर्यंत त्या एक शब्दही बोलणार नव्हत्या.

त्यांनी मानेनं खुणावलं. माझ्या मागून ये.

त्रिशला निघाली.

गल्लीत दोन्ही बाजूंना दारं उघडी होती. दारापुढे रांगोळ्या, आणि प्रत्येक दारात घरची माणसं धुतलेल्या कपड्यांत उभी. कुणाच्या हातात कलश, कुणाच्या हातात नारळ. माताजी दिसल्या तशा हाका सुरू झाल्या.

“वंदामि माताजी! इथं थांबा. अन्नपाणी शुद्ध आहे, थांबा!”

त्रिशलाला वाटलं, पहिल्याच दारात थांबतील. माताजी पुढे गेल्या. दुसऱ्या दारातही थांबल्या नाहीत.

शेजारून चाललेल्या एका बाईनं तिला हळूच सांगितलं, “माताजी सकाळी मनाशी एक खूण धरतात. आज अमुक दिसेल त्याच दारात आहार. काय धरलंय ते कुणाला सांगत नाहीत. जुळलं तर जेवायचं. नाही जुळलं तर उपास.”

“आणि बाकीच्यांनी केलेला स्वयंपाक?”

“बाकीचे रोज करतात. रोज उभे राहतात.”

पुढच्या वळणावर एका म्हातारीचं घर होतं. राजमतीअक्का एकट्याच उभ्या होत्या. एका हातात कलश, दुसऱ्या हातात नारळ, नारळावर आंब्याचा डहाळा, काखेत केळ्यांचा घड. काल नुसता नारळ धरला होता, परवा नुसती केळी. काहीच जुळेना, तेव्हा आज त्या सगळंच घेऊन उभ्या राहिल्या होत्या.

“वंदामि माताजी!” त्यांचा आवाज कापत होता. “थांबा हो… आज तरी थांबा.”

माताजींची पावलं मंद झाली. त्यांनी दाराकडे पाहिलं.

आणि त्या पुढे गेल्या.

“आमच्या दारात काय घाण पडलीया का?”

गल्ली एकदम गप्प झाली. साध्वीला कुणी असं बोलत नाही. अक्कांचा चेहरा लाल झाला होता.

“चातुर्मास लागल्यापासून उभी ऱ्हातीया मी! भरल्या घरात जेवतीसा, आम्ही एकटंदुकटं दिसत न्हाई व्हय?”

दार धाडकन लागलं.

माताजी थांबल्या नाहीत, वळल्या नाहीत. चार घरं पलीकडे एक मध्यमवयीन जोडपं उभं होतं. बाईच्या हातात जास्वंदीचं एकच फूल होतं. तिथं माताजी थांबल्या. घरच्यांनी डोळे पुसत प्रदक्षिणा घातल्या.

आत त्या खाली बसल्या आणि ओंजळीत आहार घेतला. भात, मुगाचं वरण, थोडं दूध. त्रिशला दाराशी बसून बघत होती. जेवण पटकन आटोपलं. माताजींनी हात धुतले आणि मौन सुटलं.

मग त्या त्याच वाटेनं परत निघाल्या.

राजमतीअक्कांच्या बंद दारापुढे मात्र त्या थांबल्या.

पाऊस भुरभुरत होता. माताजींनी हाक मारली नाही, कडी वाजवली नाही. नुसत्या उभ्या राहिल्या. मागून येणारी माणसं घुटमळली आणि पुढे निघून गेली.

बऱ्याच वेळानं दार किलकिलं झालं.

माताजींना उंबऱ्यापलीकडे बघून अक्का गोंधळल्या. पदर सावरला. बोलायला तोंड उघडलं आणि नुसत्या रडायला लागल्या.

माताजींनी पिंछी उचलून आशीर्वाद दिला. मग त्रिशलाकडे वळल्या.

“आत जा.”

“मी?”

“सकाळपासून उपाशी आहेस.”

एवढं बोलून त्या मंदिराकडे चालायला लागल्या.

अक्कांनी त्रिशलाला आत घेतलं. पाट मांडला. स्वयंपाकघरात सगळं झाकून ठेवलं होतं. गरम भाकरी, दुधीची भाजी, वरण, लोणकढं तूप. अक्कांनी वाढलं आणि समोर बसल्या.

“तू सुकुमारची लेक न्हवं?”

“हो.”

“ती फुटबॉलची.”

त्रिशलाचा घास हातातच राहिला. “हो.”

“आपल्याच पोरींवर गोल मारलास.”

“हो.”

“बघितला मी. शेजारच्यांच्यात टीव्ही हाय. सगळी बसलो हुतो.” अक्कांनी वरणाची वाटी पुढे सरकवली. “तू पळत आलीस, त्या पोरीला चकवलंस, आणि असा काय मारलास गं! टाळी वाजवावी का शिवी द्यावी, मला कळंना.”

“मग काय केलंत?”

“आधी टाळी वाजवली. मग शिवी दिली.”

त्रिशलाला हसू फुटलं. किती दिवसांनी, तिलाही आठवेना. अक्काही हसल्या. आणि हसता हसता त्रिशलाच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते थांबेना.

अक्कांनी तिला रडू दिलं. ताटात तूप वाढलं.

“आपल्याकडनं का न्हाई खेळलीस?”

हा प्रश्न तिला हजारदा विचारला गेला होता. विचारणाऱ्यांना उत्तर नको असायचं. अक्का मात्र वाट बघत होत्या.

त्रिशलानं सांगितलं. मेलबर्नला गेल्यावर तिला इंग्रजीतला शब्द येत नव्हता. शाळेत कोपऱ्यात बसायची. कॅरल नावाच्या एका बाई मुलींना खेळ शिकवायच्या. त्यांनी काही न विचारता चेंडू तिच्या पायाशी सोडला. बाबांची रात्रपाळी असायची, म्हणून मैदानावर न्यायला आणायला त्याच यायच्या. गुडघा मोडला तेव्हा दवाखान्यात आईबरोबर त्याच बसून होत्या.

“देशाच्या जर्सीत मला पहिल्यांदा बघायला आल्या तेव्हा त्या आजारी होत्या,” त्रिशला म्हणाली. “चाकांच्या खुर्चीवर बसवून आणलं होतं त्यांना.”

“अजून हायत?”

“नाहीत.”

अक्कांनी हात जोडून कपाळाला लावले. न पाहिलेल्या बाईला.

“मग बरोबर केलंस,” त्या म्हणाल्या. “तिचं तिलाच द्यायला पायजे हुतं.”

“म्हणजे तुम्हाला आता वाईट वाटत नाही?”

“वाटतंय की! तू कुणाची तरी लेक झालीस ह्याचं बरं वाटतंय, आणि आमच्याकडनं खेळली न्हाईस ह्याचं वाईट वाटतंय. आमचं वाईट वाटायचं आमच्यापाशी ऱ्हाऊ दे. ते नको काढून घेऊस.” त्यांनी भाकरीचा टोपला पुढे ओढला. “आणि आणखी घे. सकाळधरनं केलंय.”

त्रिशला पोटभर जेवली. अक्कांनी तिचं ताट उचलायला हात पुढे केला, तो तिनं धरून ठेवला. तिला आभार मानायचे होते. मराठीत कसे मानावेत ते सुचेना. ती वाकली आणि पाया पडली.

“आता पळ,” अक्का म्हणाल्या. “मला भांडी घासायचीत. उद्याची तयारी करायचीया.”

“उद्या पुन्हा उभ्या राहणार?”

“मग! मी रागावली म्हणून काय झालं?”

पुढे त्रिशलानं धमक्या देणाऱ्यांविरुद्ध तक्रार केली. त्यातल्या काहींचा पत्ताही लागला. ते लिहून ठेवलेलं उत्तर तिनं कुणालाच पाठवलं नाही. खेळणं सोडलं नाही, जर्सीही बदलली नाही. पण सुट्टी मिळाली की ती या भागात येते, शाळांच्या मैदानावर मुलींना चेंडू अडवायला आणि सोडायला शिकवते. एखादी मुलगी धीर करून विचारते, ताई, तुम्ही आपल्याकडून का नाही खेळलात? ती खाली बसते आणि पहिल्यापासून सांगते. त्या मुलीचा चेहरा पडला तरी ती समजूत घालत नाही.

हे सगळं नंतरचं.

त्या दुपारी ती मंदिरात परत आली तेव्हा माताजी भिंतीला टेकून बसल्या होत्या.

“जेवलीस?”

“पोटभर.”

त्रिशला समोर बसली. मोबाइल पिशवीतच होता. तो वाजला. तिनं काढून पाहिला नाही.

“माताजी, तुम्ही घर सोडलंत तेव्हा लोक बोलले होते?”

“तुझे आजोबा बोलले नाहीत. वर्षभर.”

“ते बोलण्यापेक्षा वाईट.”

“हो.”

“आज अक्का एवढं बोलल्या. तुम्हाला राग आला नाही?”

“नाही.”

“त्यांचं बोलणं चुकीचं होतं.”

“होतं.”

“आणि खूण जुळली नाही, यात तुमची काही चूक नव्हती.”

“नव्हती.”

“मग पावसात त्यांच्या दारापुढे का उभ्या राहिलात?”

माताजींनी पिंछी जवळ ओढली. त्रिशलाला वाटलं, उत्तर यायचं नाही. ती उठायला लागली.

“त्रिशला…”

ती पुन्हा बसली.

“मी ज्या दारात थांबले नाही, तिथंही चूल माझ्यासाठीच पेटली होती.”