निकाली कुस्ती

"मग चूक कुठं आहे, ते तरी सांगा ना वस्ताद?"

भरतेशनं पुन्हा विचारलं. दस्तगीर वस्ताद हौद्यातली लाल माती फावड्यानं खालीवर करत होते. वय झालं होतं, फावडं जड जात होतं, पण ते दुसऱ्याच्या हातात द्यायचं नाव नव्हतं. दुपारची वेळ. तालमीत चिटपाखरू नव्हतं.

"चूक न्हाई. लई झ्याक केलायस पिक्चर."

"पिक्चर नाही वस्ताद, माहितीपट."

"त्येच की."

हा भरतेश म्हणजे लहानपणी याच मातीत लोळलेला आणि पुढं पुण्याला जाऊन कॅमेऱ्यामागं उभा राहिलेला गडी. गावच्या दौलू पैलवानावर त्यानं माहितीपट काढला. दौलूला जाऊन बरीच वर्षं झाली, पण त्याचं नाव काढलं की आजही गावाची छाती फुगते. माहितीपटाला मोठं बक्षीस मिळालं. गावात पडदा लावून दाखवला तेव्हा शिट्ट्यांनी कान किटले. वस्ताद तेवढे न बोलता उठून घरी गेले. आणि भरतेशचं घोडं तिथंच अडलं होतं. साऱ्या जगानं पाठ थोपटली तरी या एका माणसाच्या शब्दाशिवाय त्याला ते बक्षीस अळणी लागत होतं.

"एकेक गोष्ट तपासून घेतलीय मी," तो म्हणाला. "दौलूच्या लांगेचा रंग, हलगीवाल्याचं नाव, त्या दिवशी ऊन होतं का आभाळ. एक गोष्ट खोटी निघाली तर मिशी उतरवीन."

"मिशी हाय कुठं तुला?"

भरतेश हसला. वस्ताद हसले नाहीत.

"केरबा तालमीला येईना झालाय," ते म्हणाले.

भरतेशचं हसू ओठावरच राहिलं.

दौलूची सगळ्यात गाजलेली कुस्ती या केरबाशीच झाली होती. कासारखिंडीच्या जत्रेत. केरबा वर, दौलू खाली, कुस्ती केरबाच्या खिशात. आणि एकाएकी केरबाची पकड सुटली, दौलूनं उसळून पट काढला, पाय ओढून केरबाला आस्मान दाखवलं. त्या दिवसापासून दौलूचं नाव झालं. माहितीपटात हे सगळं अगदी नेटकं आलं होतं. शेवटी मात्र एक म्हातारा प्रेक्षक पान चघळत म्हणतो, "नुरा हुती म्हनत्यात बाबा. खरं-खोटं देवाला ठावं." नुरा म्हणजे आधी ठरवून केलेली, विकलेली कुस्ती. त्या वाक्यावर पडदा काळा होतो.

"मी आरोप केला नाही," भरतेश म्हणाला. "फक्त प्रश्न ठेवला."

"व्हय. प्रश्नच ठेवलास."

"दोन्ही बाजू दाखवाव्या लागतात, वस्ताद."

"दुसरी कुठली दावलीस?"

…

दुसरी बाजू भरतेशकडे होती. त्या कुस्तीला पंच म्हणून दस्तगीर वस्तादच उभे होते. कॅमेऱ्यासमोर ते एवढंच म्हणाले होते, "निकाली कुस्ती. केरबा हरला." कॅमेरा चालूच राहिला, वस्ताद गप्पच राहिले. भरतेशनं तो तुकडा काढून टाकला. उत्तर मिळालं की लोक उठून जातात, प्रश्न मिळाला की घरी घेऊन जातात, असं तो तेव्हा म्हणाला होता, आणि आपण काय बोललो याचं त्याला फार कौतुक वाटलं होतं.

"तुमचं बोलणं… लांबीमुळं काढावं लागलं."

"एवढूशा बोलन्याची लांबी?"

भरतेशनं मान खाली घातली.

"केरबा स्टँडवर चा घेत बसलावता," वस्ताद म्हणाले. "एकानं इचारलं, काय अण्णा, कितीला इकलीवती?"

"मग?"

"हसला. चा तसाच ठेवून उठला. तवापास्नं घराभाईर न्हाई."

"माझ्याबद्दल काही…?"

"म्हनला, पोरानं झ्याक काढलाय."

भरतेशला वाटलं, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पण मोठेपणाची सवय अशी लवकर सुटत नाही. तो म्हणाला, "पण वस्ताद, मला एक सांगा. पकड सुटली कशी? केरबाअण्णांच्या हातातून कधी कुणी सुटलं नव्हतं, असं सगळं गाव सांगतं. मी त्यांनाच विचारलं. ते म्हणाले, सुटली. बस्स, एवढंच! यावर कोण विश्वास ठेवणार?"

वस्तादांनी फावडं भिंतीला टेकवलं.

"शर्ट काढ. उतर खाली."

"आत्ता?"

"मग काय मुहूर्त बघू?"

वस्ताद मातीत गुडघे आणि हात टेकून बसले. "वरनं धर. हात पिरगाळ. पाड मला."

"वस्ताद, तुमचं वय…"

"धर म्हनतो न्हवं!"

भरतेशनं भीतभीतच धरलं. पण या मातीत शिकलेलं अंग विसरत नाही. हात आपोआप जागेवर गेले, पकड बसली, आवळली. वस्ताद हलेनात. मग त्याला चेव चढला. ज्यांनी शिकवलं त्यांनाच आपण उलटवतोय, या विचारानं त्याच्या अंगात दहा हत्तींचं बळ आलं. त्यानं हात आणखी पिरगाळला.

कट्…

त्याच्या तळव्याखाली वस्तादांचा खांदा वाजला. वस्तादांचा श्वास अडकला. तोंडातून मात्र हूं की चूं नाही.

भरतेशची बोटं सैल झाली. ती त्यानं केली नाहीत, झाली. आणि त्याच क्षणी वस्तादांनी टांग मारली. भरतेश उताणा पडला. वर तालमीचे पत्रे दिसत होते.

"का सोडलास?"

"तुमचा खांदा…"

"मी काय बोललो?"

"नाही."

"कुनी बघितलं?"

"कुणीच नाही."

"मग सांगू गावात? भरतेशनं नुरा केली म्हून?"

भरतेश तसाच पडून राहिला. उठायची लाज वाटत होती. ज्या प्रश्नावर त्यानं बक्षीस मिळवलं त्याचं उत्तर अजून त्याच्या बोटांत होतं.

"दौलूचा खांदा वाजला होता," तो हळूच म्हणाला.

वस्ताद आपला खांदा चोळत होते. "जवळ हुतो मी. ह्या कानानं ऐकला."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत सगळ्यांना?"

"केरबानं हात जोडलं. म्हनला, पोराची पहिली मोठी कुस्ती हाय, बोलू नगा. दौलूलाबी सांगितलं न्हाई. त्यो मरस्तोवर म्हनायचा, केरबाची पकड मी तोडली."

…

भरतेश ताडकन उठून बसला. "रविवारी टीव्हीवर दाखवणार आहेत. अजून वेळ आहे. मी शेवट बदलतो! सगळं खरं सांगतो. केरबाअण्णांनी सोडलं म्हणून दौलू जिंकला. तुम्ही कॅमेऱ्यासमोर एकदा सांगा फक्त."

बोलता बोलताच त्याला नवा शेवट दिसायला लागला होता. तो जुन्यापेक्षाही चांगला होता. हे लक्षात आलं आणि त्याला स्वतःचीच शिसारी आली. तरी शेवट दिसतच होता.

"म्हंजे आता दौलूला पाडनार," वस्ताद म्हणाले.

"पण ते खरं आहे!"

"व्हय. खरं हाय."

"मग?"

"त्यो मेलाय. उठून पट काढंल व्हय आता?"

भरतेशचे डोळे भरून आले. त्यानं मातीच्या हातानं ते पुसले, आणि सगळा चेहरा लाल झाला.

"नुसतं ते नुराचं वाक्य काढून टाकतो, वस्ताद."

"काढ की. गावाच्या कानातनं कसं काढशील?"

 कॅमेऱ्यानं काय काय टिपता येतं हे भरतेशला माहीत होतं. एकदा बोललेलं परत कसं घ्यायचं, ते त्याला कुणी शिकवलं नव्हतं. केरबानं सगळा जन्म ओठ मिटून जे जपलं, ते यानं एका पान चघळणाऱ्याच्या तोंडी देऊन टाकलं होतं. आणि आता खरं बोलावं तरी केरबानं जपलेली दौलूची जीतच जाणार होती.

"मी काय करू, वस्ताद?"

 दुखऱ्या हातानंच वस्तादांनी फावडं उचललं आणि भरतेशच्या पाठीचा मातीत उमटलेला ठसा सारखा करायला लागले.

"निकाली कुस्ती. केरबा हरला," ते म्हणाले. "त्येची हार त्येला परत दे."