येशीचे शेंडे

आपल्या पणज्यांच्याही पणज्या जन्मल्या नव्हत्या, तेव्हाची ही गोष्ट. दरीच्या तळाशी खोलवाडी होती, आणि खोलवाडीत एकही उंच झाड नव्हतं. भाताचं बी पेरण्याआधी जमीन भाजायची, त्याला राब म्हणतात. त्या राबासाठी लोक दर वर्षी झाडं छाटायचे. ऐन असो की बेहडा, माणसाच्या डोक्यावर फार कुणाला जाऊच द्यायचे नाहीत. येशीचा कोयता तर सगळ्यांत चपळ.

एका श्रावणात डोंगर फुटला आणि नदी वाडीत शिरली. येशीनं आपल्या लेकीला, बुधीला बेहड्यावर चढवलं आणि खोडाला मिठी मारली. पण छाटलेला बेहडा तो केवढा! पाणी शेंड्यावरून गेलं. येशी एका खडकाला अडकून वाचली. बुधी सापडली नाही.

पाणी ओसरल्यावर येशीनं कोयता डोहात फेकला. मग ती एकेका झाडापाशी बसून बुधीची गोष्ट सांगू लागली. बेहड्यानं ती सगळी ऐकली, ऐनानं ऐकली, सातविणीनं ऐकली. आपट्याला अर्धीच सोसली. करवंदीनं कानच झाकले, ती जमिनीलगत राहिली. ज्यांनी ऐकलं ती झाडं बुधीला शोधायला वर निघाली. शेजारी आड आला की त्याच्याहून वर, त्याच्याहून वर. कड्यावरच्या झाडांना उभ्या जागी नदी दिसत होती, म्हणून ती खुजीच राहिली. असं म्हणतात.

पुढच्या माघात लोक कोयते घेऊन आले. येशी खोडाला पाठ लावून उभी राहिली.

"येशे, बाजूला हो," धर्माजी पाटील म्हणाला. "राब नाही भाजला तर पोरांच्या तोंडात काय घालू?"

"खालच्या फांद्या न्या. शेंडा तोडायचा तर आधी माझी मान तोडा."

कुणाचा हात उठला नाही. पण त्या वर्षी भात निम्मंच आलं, दोन म्हातारी माणसं उपासानं गेली. वाडीनं येशीशी बोलणं टाकलं. ती झाडांशीच बोलत म्हातारी झाली.

मग डोंगर पुन्हा फुटला. पाणी पहिल्याहून मोठं. येशी कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून एकेकाला खांद्यावरून फांदीवर पोचवत होती. पाणी चढेल तसा बेहडाही चढत होता, असं म्हणतात. शेवटी धर्माजीनं वरून हात दिला.

"येशे, ये वर!"

"तुम्ही बसा," ती म्हणाली. "माझी पोर खाली आहे."

आणि तिनं खोड सोडलं.

खोलवाडीत अजूनही राबासाठी फांद्या तोडताना शेंड्याला कोयता लावत नाहीत, तो येशाईचा. पोरगी पाण्याला जायच्या वयाची झाली, की आधी तिला झाडावर चढायला शिकवतात. आणि श्रावणात नदी फुगली, की घरटी एक पोर बेहड्यावर जाऊन बसते. ती उतरेपर्यंत तिची आई जेवत नाही.