गाळात रुतलेली नाव

फार फार वर्षांपूर्वी, तुमच्या-आमच्या पणजीची पणजीसुद्धा जन्मली नव्हती तेव्हा, एका नदीकाठी नावाड्यांचं गाव होतं. तिथे एक म्हातारे गुरुजी मुलांना वजन, पाणी, तरंगणं-बुडणं शिकवायचे. पण त्यांची तऱ्हा भारी विचित्र! पाठांतर नाही, घोकंपट्टी नाही. लोखंडाचा गोळा हातात द्यायचे अन् म्हणायचे, "हा पाण्यावर तरंगवून दाखवा." उत्तर काही केल्या सांगायचे नाहीत.

एका नावाडणीच्या येसू नावाच्या मुलीला त्या गोळ्याने आठ दिवस रडकुंडीला आणलं. शेवटी तिने लोहाराकडून तो ठोकून ठोकून त्याची वाटी करून घेतली. वाटी तरंगली! पोर काठावर नाच नाच नाचली.

येसूची आई मात्र कडाडली. "गुरुजी, ठाऊक असून लेकराला छळता? सांगायला काय जीभ झिजते?"

"मी सांगितलं असतं तर ती अशी नाचली असती का, बाई?"

आईला ते पटलं नाही. तिने येसूला घरी बसवलं.

पुढच्याच आठवड्यात येसूला सोबत घेऊन घाटाच्या बांधकामाचे दगड नावेतून वाहताना आईने दोन खेपांचं ओझं एकाच खेपेत भरलं. नाव बुडाली! मायलेकी पोहून वाचल्या. लोकांनी बुड्या मारून दगडही काढले, पण नाव गाळात रुतली ती रुतलीच. वीस गडी दोर ओढून थकले. ती नाव म्हणजे मायलेकींची भाकरी. आई वाळूतच मटकन बसली.

येसू गुरुजींकडे धावली. "आता तरी उत्तर सांगा ना हो!"

गुरुजींचे डोळे भरून आले. "सांगितलं असतं गं बाळ. पण या वेळी मलाच ठाऊक नाही."

येसू रडली नाही. उत्तर ठाऊक नसताना विचार करत बसायची तिला सवय होती. दुपारभर ती नदीवरच्या नावा बघत राहिली. भरलेली नाव पाण्यात खोल जाई, रिकामी झाली की वर येई. एकदम ती ओरडली, "दोन नावा वाळूने भरा! त्या आमच्या नावेच्या दोन्ही बाजूंना आणून दोर ताणून तिला बांधा. मग वाळू उपसा!"

लोक हसले. पण आई उठली आणि तिने वाळूची पहिली पाटी उचलली. वाळू उपसली तशा दोन्ही नावा वर आल्या, दोर करकरले, आणि रुतलेली नाव गाळातून सुटली.

आईने लेकीला पोटाशी धरलं. मग गुरुजींना म्हणाली, "उद्यापासून हिला पाठवते. चांगलं अवघड काहीतरी द्या."

तात्पर्य: आयतं उत्तर एका प्रश्नापुरतं पुरतं, झगडून शोधायची सवय जन्मभर पुरते.